दादाच्या नावावरचे मैल

"चिमणे, माझा नंबर टाकलास ना?" तिकीट काढलं की दादा फोनवर हमखास विचारायचा. विमान कंपनीने नेहमीच्या प्रवाशाला दिलेला तो नंबर मी बुकिंगला जोडायचे, तेव्हा कुठे त्याच्या नावावर फुकट तिकिटासाठीचे मैल जमायचे.

दादाला जाऊन वर्ष झालं. आज आमच्या ट्रॅव्हल एजन्सीच्या ऑफिसात तो नंबर बंद करायला घेतला, तर त्यावर गेल्या सहा गुरुवारांचे प्रवास दिसले. तिकिटं मी काढली नव्हती. आणि माणूस विमानात बसल्याशिवाय मैल जमतच नाहीत.

कीबोर्डला फुलदाणीतल्या कुजक्या पाण्याचा वास येऊ लागला. दोनदा हात धुतले, तरी बोटं बुळबुळीतच.

वहिनीला फोन लावला. "नंबर बंद करायला तुझी सही हवी."

"राहू दे की. तुझं काय खातोय तो?"

"कुणीतरी दादाच्या नावावर फिरतंय, वहिनी. शिसारी येते मला."

तिच्यामागे कुणीतरी मचमच चावत होतं. आजही गुरुवारच होता.

"सांगणार नव्हते," ती कुजबुजली. "तोच येतो गं. मी मायेने वाढते. पण ओठ उरले नाहीत त्याला, सगळं बाहेर सांडतं."