तिसऱ्या वळणावरची साईड

"इथं कुणी जिंकायला आलेलं नाही. पुढच्यानं इंडिकेटर लावून साईड दिल्याशिवाय मागच्यानं पुढं जायचं नाही. संध्याकाळी सगळ्यांनीच घरी जायचंय."

हे शब्द रोलंडचे, हेस्टरच्या नवऱ्याचे. बावीस वर्षं, दर ट्रॅक डेच्या सकाळी, हौशी लोक आपापल्या गाड्या पळवायला जमले की, तिनं ते त्याच्या घोगऱ्या आवाजात ऐकले होते. आता ती स्वतःच ते म्हणत होती. लिंकनशायरमधल्या युद्धकाळातल्या विमानतळाची जुनी धावपट्टी, समोर अठ्ठेचाळीस गाडीवाले, वर चंडोलाचं गाणं. शब्द तोंडातून निघत होते, पण जिभेला त्यांची चव लागत नव्हती.

रोलंडला जाऊन चार वर्षं झाली होती. इथंच, तिसऱ्या वळणावर.

"काही प्रश्न?"

"न्याहारीचं बेकन संपायच्या आत सोडा, बाई!" मागून कुणीतरी ओरडलं. लोक हसले आणि पांगले.

टेबलापाशी मोराग प्रत्येकाची सही घेऊन मनगटाला कागदी पट्टी बांधत होती. पट्टी नाही, तर ट्रॅक नाही. ही हेस्टरची सगळ्यात जुनी सोबतीण. जीभ तिखट, हात हलका.

"काय डॉक्टर, गाडीला औषध पाजलंत का? फाटकापाशी केवढी खोकत होती!"

"म्हातारी झाली गं ती. माझ्यासारखीच," अँब्रोज टिली म्हणाला. गुरांचा डॉक्टर, आता निवृत्त. त्यानं हात पुढं केला. मोरागनं पट्टी बांधली, पण मान वर केली नाही.

तो आपल्या हिरव्या गाडीकडे गेल्यावर ती हेस्टरकडे वळली. "तुझं काळीज कशाचं घडवलंय, देव जाणे. दरवर्षी तूच त्याला पत्र घालून बोलावतेस. मी असते तर फाटकातून परत पाठवला असता."

"रेघा आखायचा चुना सांडलाय बघ तिकडे," हेस्टर म्हणाली आणि झाडू घेऊन चालू लागली.

तिसरं वळण ती स्वतःच झाडायची. झाडून झाल्यावर वाकून डांबरावरून तळवा फिरवायची, आजारी लेकराच्या कपाळावरून फिरवावा तसा. लोक लांबून बघायचे आणि नजर वळवायचे.

रोलंड गेला त्या दिवशी सकाळी दाट धुकं होतं. दोन तास वाया गेले होते, लोक कुरकुरत होते. दुपारी रोलंड लाल गाडी घेऊन अँब्रोजच्या मागे लागला होता. पुढं जे झालं, ते चौकशीत असं ठरलं: अँब्रोजनं दोन फेऱ्या आरशात पाहिलं नाही, साईड दिली नाही. रोलंडचा धीर सुटला. त्यानं साईड नसताना गाडी पुढं घातली, आणि ती तिसऱ्या वळणावर उलटली.

अँब्रोजला आठवत नव्हतं. "दिलीही असेल. नसेलही," एवढंच तो पुन्हा पुन्हा म्हणाला.

विमानतळाच्या जुन्या मनोऱ्यातून सगळा ट्रॅक दिसायचा, आणि त्या दिवशी मनोऱ्यात हेस्टर एकटी होती. "इंडिकेटर लागला नव्हता," तिनं सांगितलं. नवऱ्यानं स्वतःचाच नियम मोडला, हे बायकोच सांगतेय म्हटल्यावर कुणी दुसरा प्रश्न विचारला नाही. लोकांनी तिच्या खरेपणापुढं मान तुकवली. ट्रॅक चालू राहिला.

तेव्हापासून अँब्रोज सगळ्यांत हळू चालवायचा. येणाऱ्या प्रत्येकाला साईड द्यायचा. आरशात कुणी नसलं, तरी त्याचा इंडिकेटर लुकलुकत राहायचा. आजही मनोऱ्याच्या काचेतून हेस्टर तेच बघत होती. रिकाम्या रस्त्यावर, मागं कुणी नसताना, लुक, लुक, लुक.

आजचा दिवस शेवटचा होता. सोमवारपासून धावपट्टीवर सौरऊर्जेची पॅनेलं बसायची होती.

चार वाजता मोरागनं काळा-पांढरा झेंडा हलवला. गाड्या आत आल्या, हेल्मेटं उतरली, किटलीभोवती गर्दी झाली. अँब्रोज मनोऱ्याचा जिना चढून वर आला. दोनदा थांबला, तिसऱ्यांदा दारात उभा राहिला.

"गाडी विकली," तो म्हणाला. "त्या पिवळ्या लोटस गाडीवाल्याला."

"बरं केलंत."

"नातीला गाडीत बसवत नाही मी. चार वर्षं झाली. सात वर्षांची आहे. तिला वाटतं, आजोबांना ती आवडत नाही."

खाली कुणीतरी मोरागला चिडवत होतं, मोराग उलट सुनावत होती.

"उद्यापासून आपली गाठ पडायचं कारण उरणार नाही," अँब्रोज म्हणाला. "म्हणून मागतो. एकदा म्हणा, माफ केलं. मनातून नसलं तरी चालेल. तुमच्या तोंडून ऐकलं, तर नातीला शेजारी बसवून दुकानापर्यंत तरी जाईन म्हणतो."

हेस्टरनं त्याच्याकडे पाहिलं. पांढऱ्या भुवया, वाकलेले खांदे, मनगटावर अजून ती पट्टी. काहीतरी वाटावं म्हणून ती थांबली. चार वर्षांपूर्वी आत जे बधिर झालं होतं, ते बधिरच होतं.

"बसा, डॉक्टर."

दिवस संपल्याचं तिनंच जाहीर करायचं असे. तिनं माइक जवळ ओढला आणि बटण दाबलं. खालच्या सगळ्या कर्ण्यांमधून खरखर झाली. लोकांनी कपातून तोंडं वर केली. रोलंड गेल्यानंतर दर वर्षी ती इथून त्याच्या आठवणीत दोन शब्द बोलायची. पुरुषांनी टोप्या काढल्या.

"डॉक्टर टिलींनी साईड दिली होती," हेस्टर म्हणाली. "मी बघितलं होतं. रोलंडनं नियम मोडला नाही. तिसऱ्या वळणावर तेल सांडलंय, हे मला दहा मिनिटं आधी कळवलं होतं, आणि मी ट्रॅक थांबवला नाही."