पडवीतला फ्रीज

"मटार वितळलेत. फ्रीज बिघडलाय," सुनेनं मेकॅनिकला सांगितलं.

"बिघाड नाही," तो म्हणाला. "पडवीत थंडी मरणाची आहे. फ्रीजला वाटतं, आत गारच आहे. मशीन सुरूच होत नाही, मग फ्रीजरमधलं वितळतं. याला घरात घ्या."

घोंगडीत गुरफटलेले तिचे सासरे, अण्णा, खाटेवर उठून बसले. दिवाळीत नवा सोफा आला, तेव्हा फ्रीजबरोबर त्यांचीही खाट पडवीत आली होती. थंडी सोसत नाही म्हटलं, की मुलगा म्हणायचा, "तुमचं आपलं काहीतरीच." आता परक्या माणसानंच सांगितलं होतं.

मुलानं लगेच सोफा सरकवून फ्रीज आत नेला. अण्णांनीही घोंगडी काखोटीला मारली.

दार लावायला आलेली सून म्हणाली, "बरं झालं, अण्णा. आता तुम्हाला इथे ऐसपैस झालं."