पेल्यांची दुरुस्ती

द्वारकाबाईंच्या घरातले पेले आठवडाभर लाल पेटत होते. सरकारनं घरोघरी वाटलेलेच पेले ते. पाणी चांगलं असलं की तळाशी हिरवा दिवा लागायचा, दूषित असलं की लाल.

आज नगरपालिकेच्या पाणीपुरवठ्याचे भोईटेसाहेब दुरुस्तीला आले. नळाकडे त्यांनी ढुंकूनही पाहिलं नाही. हातातलं यंत्र एकेका पेल्याला टेकवलं, आणि लाल दिवे हिरवे झाले.

"झालं बघा. आता सगळं नियमात बसतं."

"अहो, पाणी तर तेच आहे!"

"बाई, मर्यादा वरूनच वाढवून आलीय. पेल्यांना तेवढं सांगायचं राहिलं होतं."

द्वारकाबाईंची नात काविळीनं दवाखान्यात पडली होती. त्यांच्या तळपायाची आग मस्तकाला गेली. त्यांनी भरलेला पेला साहेबांपुढे धरला.

"दारी आलेल्याला आम्ही आधी पाणी विचारतो. घ्या."

"नको, आत्ताच चहा झाला."

"घ्या की! हिरवं आहे."

साहेबांनी घाम पुसला आणि बॅगेतून स्वतःची बाटली काढली. "माझं पाणी असतं सोबत."

बाटलीच्या तळाशीही तसाच दिवा होता. द्वारकाबाईंनी ती हिसकावली, आतलं पाणी अंगणात भिरकावलं आणि पेला तिच्यात रिकामा केला.

बाटली लालभडक पेटली.

"साहेब," द्वारकाबाई कडाडल्या, "एवढी एक दुरुस्त करायची राहिली वाटतं!"