वाक्यात उपयोग

“अप्पा, ‘साय’ म्हणजे उसासा टाकणं ना?” लेकीने इंग्रजीची वही माझ्या सासऱ्यांपुढे धरली. मी तिथेच मेथी निवडत बसले होते.

अप्पा निवृत्त इंग्रजी शिक्षक. पाय गेल्यापासून पलंगावरच असतात. नातीची वही मात्र रोज लाल पेनाने तपासतात.

“अर्थ बरोबर. आता वाक्यात उपयोग?”

तिने इंग्रजी वाक्य वाचलं आणि लगेच मराठीतही सांगितलं, “अप्पा हाक मारतात, तेव्हा आई उसासा टाकते.”

“काहीतरीच काय लिहितेस! खोड ते आधी,” मी ओरडले.

“अगं आई, टाकतेस की तू. रोज.”

माझी मान वर होईना. अप्पांनी वाक्य पुन्हा वाचलं, क्रियापदाला राहून गेलेला ‘एस’ लावला आणि बरोबरची खूण केली.

“खोडू नकोस, बाळा. वाक्य चोख आहे.”

संध्याकाळी गोळीची वेळ टळून गेली, तरी हाक आली नाही. मी दारातून डोकावले. अप्पा काठीच्या मुठीने टेबलावरचा तांब्या स्वतःकडे ओढत होते. हळूहळू. मला ऐकू जाऊ नये म्हणून, श्वास रोखून.