पिवळ्या पट्टीच्या आत

"मागे सरा, प्लीज," मिस ओडेट म्हणाल्या, आणि चौदा माणसं पाऊलभर मागे सरली.

कोणी कुरकुरलं नाही. ब्रुकलिनच्या या छोट्या गॅलरीत येणारी माणसं जाणकार होती. कलाकृतीसमोर कसं उभं राहायचं, हे त्यांना शिकवावं लागत नसे. जमिनीवर पिवळी चिकटपट्टी होती. पट्टीच्या आत गादी, आणि गादीवर टेसा, पहाटेपासून कळा सोसत. तिच्यासोबत आत फक्त सुईण आणि बाळाचा बाप. सगळ्यांसमोर बाळंत होणं, हीच तिची कलाकृती. आठवडाभर ती इथेच राहत होती, जेवत होती, एवढेएवढेसे मोजे विणत होती, आणि लोक रोज येऊन बघून जात होते.

भिंतीवर पाटी होती. "आगमन. साहित्य : शरीर, श्वास, वेळ. पट्टी कोणीही ओलांडू नये. मी ओरडले, रडले, मदत मागितली, तरीही."

शेवटचं वाक्य टेसाने हट्टाने घातलं होतं. मागच्या हिवाळ्यात अशाच एका कलाकृतीसाठी ती बर्फाच्या लादीवर बसली होती, तर दुसऱ्याच तासाला एका सज्जनाने तिच्या अंगावर आपला कोट घातला. सगळं काम वाया.

म्हणून या वेळी पट्टीवर मिस ओडेट. एकतीस वर्षं त्यांनी मोठ्या संग्रहालयात पहारा केला होता. 'मागे सरा' आणि 'हात लावू नका', या दोन वाक्यांवर तीन मुलं वाढवली होती.

दुपारी दोनच्या सुमारास बाळाचं डोकं दिसलं. त्याच्या बापाने, इव्हानने, ते पाहिलं आणि तो गादीशेजारी मुकाट्याने आडवा झाला.

"घ्या! हे गेले," ग्वेन सुईण हसली आणि हसता हसता थांबली. डोकं बाहेर आलं होतं आणि तिथेच अडून राहिलं होतं.

"खांदा अडकलाय. टेसा, जोर करू नकोस. माझी मदतनीस अजून पुलावरच्या ट्रॅफिकमध्ये अडकलीय. हिचे पाय धरायला दोघं हवेत मला. अहो, कोणीतरी या!"

कोणी हललं नाही.

"या ना कोणीतरी," टेसा म्हणाली. आवाज लहान मुलीसारखा झाला होता.

चौदा माणसं श्वास रोखून उभी होती. एकीने डोळे टिपले. "काय धाडस आहे," ती शेजारणीच्या कानात पुटपुटली. लाल चष्म्याच्या एका माणसाने पाटीकडे पाहिलं, शेवटचं वाक्य पुन्हा वाचलं आणि वहीत काहीतरी टिपून घेतलं.

मिस ओडेटही पाटीकडेच बघत होत्या. मग त्यांनी बाळाच्या डोक्याकडे पाहिलं. ते जांभळं पडत चाललं होतं.

त्यांनी पट्टी ओलांडली. गुडघे कटकन वाजले. त्या गादीवर टेकल्या.

"हा पाय धरा. पोटाकडे दाबा, अजून, अजून," ग्वेन म्हणाली. "दुसरा कोण?"

मिस ओडेटनी मान वळवली. "तुम्ही. लाल चष्मा. पुढे या."

"अहो, पण पाटीवर तर..."

"पाटी मी रोज वाचते. ती वही ठेवा खाली आणि पुढे या!"

तो आला. वही कुठे पडली, त्याला कळलं नाही. त्याने दुसरा पाय उराशी घट्ट धरला. टेसाने मिस ओडेटचं मनगट पकडलं. ग्वेनचे हात भराभरा चालत होते. बाकीची माणसं न ठरवता सरकत सरकत पट्टीवर आली होती, आणि त्यांना मागे सारायला कोणी उरलं नव्हतं.

"आता! आता दे जोर!"

खांदा निसटला आणि मागोमाग सगळं बाळ आलं. ते गप्प होतं. ग्वेनने त्याला पालथं घेऊन पाठ चोळली, एकदा, दोनदा. मग ते रडलं.

टाळी कोणी वाजवली नाही. लाल चष्म्याचा माणूस मात्र हुंदके देत होता.

"सोडा आता तो पाय," ग्वेन म्हणाली. "तिला पुढेही वापरायचाय तो."

इव्हानने डोळे उघडले. "झालं?"

"मुलगी झाली. तुम्ही उठू नका इतक्यात."

बाळ टेसाच्या छातीवर होतं. ती मिस ओडेटकडे बघत होती. "मला वाटलं, आता कोणीच येणार नाही. मीच तसं लिहिलं होतं ना."

"तू लिहिलं होतंस. या पोरीला कुणी विचारलं होतं?"

टेसाचं लक्ष त्यांच्या मनगटाकडे गेलं. नखांच्या चार खुणा उमटल्या होत्या, चंद्रकोरीसारख्या. एकीतून रक्त येत होतं.

"हे मी केलं?"

"मग काय मी?"

टेसाने तो हात ओढून गालाशी धरला. किती तरी वेळ सोडला नाही. मिस ओडेटनीही तो काढून घेतला नाही.

दुसऱ्या दिवशी जमिनीवर पट्टी नव्हती. माय-लेकी गादीवर झोपल्या होत्या. लोक आपणहूनच लांब उभे राहत होते, कुजबुजत बोलत होते. पाटीवर 'साहित्य : शरीर, श्वास, वेळ' याच्यापुढे कोणीतरी पेन्सिलीने लिहिलं होतं : 'मिस ओडेट यांचा हात.'

एक विद्यार्थिनी ते वाचून मिस ओडेटच्या खुर्चीपाशी आली. "मावशी, हाच का तो?"

मिस ओडेटनी शांतपणे बाही वर केली आणि मनगट पुढे धरलं. मुलगी वाकली. न राहवून तिने एक बोट पुढे केलं.

"बघा, हवं तेवढं बघा," मिस ओडेट म्हणाल्या. "पण हात लावू नका."