एकशे बारा गुणसूत्रं

निर्मलाने तिसऱ्यांदा मोजलं. तिसऱ्यांदाही एकशे बाराच गुणसूत्रं भरली.

मायक्रोस्कोपवरून डोळा न उचलता तिने हाक मारली, "गोवर्धन, जरा आत या." नुसतं गोवर्धन. सात वर्षं ती त्याला काका म्हणत आली होती.

चिखलाचे बूट दारात काढून म्हातारा आत आला. फ्रेंच वळणाच्या त्या बेटावरच्या ऊस संशोधन केंद्रात मुळी कापावी तर त्यानेच. सकाळी आठच्या सुमारास, पेशी विभागत असताना, कुंडीतल्या कांडीची कोवळी मुळी काढायची, टोक छाटायचं, बाटलीत सोडायचं. पुढचं मोजणं निर्मलाचं.

"मोंतान्य ब्लांश गावच्या शेतात सापडलेला ऊस. त्याची मुळी सोमवारी तुम्हीच आणून दिलीत ना?"

"मीच की."

"तिच्यात एकशे सात निघाली. म्हणजे जुना, साधा ऊस. मला तेव्हाच खटकलं होतं, कांडीवरचे डोळे साध्या उसाचे नव्हते. म्हणून काल तुम्ही शेतावर गेल्यावर त्याच कुंडीतली मुळी मी स्वतः कापली. एकशे बारा! प्रोटीनचे पट्टेसुद्धा आपल्या चौतीस नंबरशी जुळतात. तुम्ही मला दुसऱ्याच कुंडीतली मुळी दिलीत."



चौतीस नंबर म्हणजे रानटी उसाचा आणि गोड उसाचा संकर. अकरा वर्षांची मेहनत होती त्यात, आणि अजून तो कोणालाच दिलेला नव्हता. त्याचं एक कांडंही फाटकाबाहेर न्यायला बंदी होती. तरी तो बाहेर उगवला होता. केंद्राच्या साहेबांना दुपारपर्यंत दोन गोष्टी लिहून हव्या होत्या, ऊस तोच आहे का आणि कोणाच्या हातून गेला. ज्याचं नाव येईल तो घरी जाणार, हे सगळ्यांना ठाऊक होतं. गोवर्धनच्या पेन्शनला चौदा महिने उरले होते.

निर्मलाला आता सगळंच संशयाचं वाटू लागलं. चौतीसच्या वाफ्याची किल्ली याच्याकडे. गाव याचं तेच. आठवडाभर हा नजरेला नजर देत नाही. तिला भयंकर चीड आली. न्यायचा तो ऊस न्यायचा, आणि वर माझ्याच हातून खोटं मोजून घ्यायचं!

"मामझेल, तुमी एकशे सातच लिवा," गोवर्धन हळूच म्हणाला.

"खोटं लिहू?"

"आयो, निर्मलाबाय, नका ना खोदू."

"खोदणार. शेत कोणाचं आहे ते?"

साहेबांनी नमुन्यावर नाव न घालता नुसता आकडा टाकला होता. पण नमुना आणायला गेला होता गोवर्धनच. त्याने दोन्ही हात विजारीला पुसले.

"सत्यदेवचं. तुमच्या मामाचं."

निर्मला हसलीच. "वा! आता माझ्या मामाला चोर करा."

"चोर कोन नाय त्यात. एक्याऐंशी सालच्या तुळशीच्या लग्नाला दोन ऊस कोनी मागितले? काका, सरळ बघून द्या, शेंड्याला पाला असू द्या, आई मांडवाला वाकडा ऊस लावत नाय. कोन बोललं असं?"

शब्द निर्मलाचेच होते.

"मंग लग्नाला वाकडा कसा देऊ? सगळ्या शेतात चौतीसवानी सरळ दुसरा नव्हता. वजन करून ते टाकूनच देनार होते. गोनपाटात बांधून मीच तुमच्या गाडीत ठेवले. फाटकावर माझी पिशवी रोज उघडतात, बाय. तुमची गाडी कोन उघडत नाय."

बो बासें शहरातल्या घरच्या अंगणातला मांडव तिला आठवला. अंतरपाट तिनेच धरला होता. लग्न लागलं, चिरमुरे वाटले, आणि आई म्हणाली, तुळशीच्या मांडवातला एवढा सुरेख ऊस, चोथा करून कशाला टाकायचा? सत्यदेवला दे, लावील कुठेतरी. रविवारी कार्तिए मिलितेरच्या रस्त्याने जाऊन तिनेच तो मामाच्या दारात उतरवला होता. रोज उसाच्या पेशीत डोकं घालणारी बाई, पण त्या दोन उसांकडे तिने धड पाहिलंसुद्धा नव्हतं.

"म्हणून मुळी बदललीत?" तिने विचारलं.

"मंग काय करू? आनि साहेब ऐकत नसतील तर माझं नाव लिवा. वाफ्यातून मीच तोडला, ते खोटं नाय. माझे काय, चौदा म्हैने. तुमची नोकरी अजून लई बाकी हाय."

फोन वाजला. "हो सर, आणतेच," म्हणून तिने तो ठेवला. तिला लाज वाटत होती, आणि म्हाताऱ्याचा रागही येत होता.

तिने कागद पुढे ओढला. संख्येच्या ओळीत एकशे बारा लिहिलं. कोणाच्या हातून, ही ओळही तिने भरली. खाली सही केली, नेहमीची गिचमिड नव्हे, पूर्ण नाव, शाळकरी पोरीसारखं सुटं सुटं.

गोवर्धनला एकच नाव वाचता येत होतं, स्वतःचं. पगाराच्या कागदावर दर महिन्याला बघून ओळखीचं झालेलं. तो वाकला आणि ओळीवरून बोट फिरवू लागला.

"हितं माझं नाव नाय."

"नाही, काका."

त्याचं बोट खाली सहीवर गेलं. तिथून परत वर आलं, परत खाली गेलं.

"मामझेल," तो म्हणाला, "हे वरचं न् खालचं एकच लिवलंय."