धुऱ्यावरचं भाषण

कोहमारा गावाच्या अलीकडे, सुखवंताबाईच्या पाणी भरलेल्या बांधीत सकाळपासून रोवणी चालू होती. ती धरून आठ बाया कंबरेत वाकून, एकेक पाऊल मागे सरकत, धानाच्या कोवळ्या रोपांचे पऱ्हे चिखलात रोवत होत्या. तेवढ्यात रस्त्यावर गाड्यांचा ताफा थांबला आणि पाच वर्षांपूर्वी निवडून गेलेले भुवनेश्वरभाऊ पांढरेशुभ्र कपडे सावरत बांधीच्या कडेच्या धुऱ्यावर येऊन उभे राहिले.

"मायमाउल्यांनो, मागे हटू नका," त्यांनी माइकवरून सांगितलं. "मागे वळूनही पाहू नका. जो पुढे चालतो, तोच इतिहास घडवतो."

सोबतच्यांनी टाळ्या पिटल्या. मग फोटोसाठी भाऊंनी पायजमा गुडघ्यापर्यंत वर घेतला, सुखवंताच्या हातातली पऱ्ह्यांची पेंडी घेतली आणि चिखलात उतरून रोवत रोवत ते थेट पुढे निघाले. पाच-सात पावलांतच तिची सकाळपासूनची रोवणी त्यांच्या पायांखाली गेली.

सुखवंतानं कंबर सरळ केली अन् त्यांच्या हातातून पेंडी काढून घेतली.

"थांबा भाऊ. रोवणीत मांगं मांगं सरका लागते. समोर चाललं त रोवलेलंच पायाखाली येते."

भाऊ कॅमेऱ्याकडे पाहून हसले. "काय करू ताई, मला पुढेच जायची सवय आहे."



"थे त दिसूनच राहिलं. म्हणूनच पाच वरसं झाले, तुमच्या मांगं काईच उगवून नाई राहिलं."